कॅन्ससचा बिनमोज्यांचा खासदार

१८९२ साली अमेरिकेच्या संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात एक अख्खं पुस्तक छापून आलं. पुस्तक होतं हेन्री जॉर्ज यांचं, जकात आणि खुला व्यापार या विषयावरचं, सहा वर्षांपूर्वी बाजारात आलेलं. ते इतिवृत्तात शिरलं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रतिनिधीगृहात एकेका सदस्याच्या वाट्याला बोलायला मोजकी मिनिटं येत, म्हणून सभागृहात प्रत्यक्ष न केलेलं भाषणही इतिवृत्तात छापून घेण्याची त्यांना मुभा असे. सहा सदस्यांनी त्या पुस्तकाची प्रकरणं आपसांत वाटून घेतली आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचा मजकूर ज्याच्या त्याच्या भाषणात घातला. ते तुकडे एकत्र जोडले की पुस्तक तयार! दुसरा नियम असा होता की इतिवृत्तातला मजकूर खासदाराच्या सहीच्या शिक्क्यावर टपालानं फुकट जाई. बघता बघता पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती देशभर गेल्या. जो शेतकरी पुस्तकाच्या दुकानापासून दोन दिवसांच्या वाटेवर राहत होता, त्याच्या घरी अर्थशास्त्र पोस्टमनच्या हातून पोचलं.

या सहा जणांत एक क्लीव्हलंडचा ट्रामकंपन्यांचा धनी होता, टॉम जॉन्सन. दुसरा होता जेरी सिम्पसन, कॅन्ससच्या रानातून निवडून आलेला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून हा जहाजावर चढला होता. पुढं शेती केली, गुरं राखली, गावच्या मार्शलची नोकरी केली. ज्याला स्वतःला शाळा जेमतेम मिळाली, त्यानं सरकारी छापखाना आणि सरकारी टपाल वापरून देशभर पुस्तक वाटावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच्या मागं जी माणसं उभी होती, त्यांच्याविषयी वाचत गेलं की ते अप्रूप वाढतच जातं.

सिम्पसनचा जन्म ३१ मार्च १८४२ चा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधला. तो सहा वर्षांचा असताना घरचे न्यूयॉर्क राज्यात ओनायडा काउंटीत येऊन राहिले. तिथं थोडीफार शाळा झाली आणि चौदाव्या वर्षी पोरगा ग्रेट लेक्सवर खलाशी म्हणून गेला. आपण त्यांना सरोवरं म्हणतो म्हणून डोळ्यांपुढं फार तर रंकाळा येतो. प्रत्यक्षात ते गोड्या पाण्याचे समुद्रच आहेत. किनारा दिसत नाही, वादळात जहाजं बुडतात, आणि एका लेक सुपीरिअरचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भरतं. धान्य आणि लाकूड वाहणाऱ्या जहाजांवर त्यानं वीसेक वर्षं काढली आणि कप्तानपदापर्यंत पोचला. हिवाळ्यात ही सरोवरं गोठतात. डिसेंबर ते एप्रिल जहाजं गोदीत अडकून पडत आणि खलाशी रिकामे. ज्याला वाचायची ओढ आहे, त्याला दर वर्षी चार महिन्यांची ही आयतीच सुट्टी. सिम्पसन वाचत गेला. शिकवायला कुणी नाही, परीक्षा घ्यायला कुणी नाही, हाताला लागेल ते पुस्तक आणि पुढच्या बंदरावर मिळेल ते वर्तमानपत्र.

मधेच १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. एकोणीस वर्षांचा सिम्पसन इलिनॉयच्या बाराव्या पायदळ पलटणीत दाखल झाला. तब्येतीनं साथ दिली नाही, म्हणून लवकरच परतला. त्याच युद्धाची झळ आणि त्याच युद्धाची भरभराट तेव्हा आपल्याकडंही पोचली होती. दक्षिणेकडची बंदरं नाकेबंदीत सापडली, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा बाजार तापला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा तो सगळा डोलारा कोसळला. भाव चढलेले असताना काढलेलं कर्ज भाव उतरल्यावर फेडायची वेळ दख्खनच्या कुणब्यांवर आली. त्यात सारा वाढलेला आणि सावकारांनी हात आखडते घेतलेले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरादुकानांत घुसून कर्जरोखे जाळले. कॅन्ससच्या शेतकऱ्यावर पंधरा वर्षांनी जे ओढवलं, त्याचा हिशेब याच जातीचा होता. म्हणून तो हिशेब आधी मांडतो.

युद्धकाळात अमेरिकन सरकारनं सोन्याचं पाठबळ नसलेल्या कागदी नोटा छापल्या होत्या. युद्धानंतर चलन पुन्हा सोन्याला बांधायचं ठरलं. १८७३ च्या कायद्यानं चांदीची नाणी पाडून घेण्याची वाट बंद केली. माणसं वाढत होती, शेती वाढत होती, माल वाढत होता, पण पैसा त्या मानानं वाढत नव्हता. मग प्रत्येक डॉलर महाग होत गेला, म्हणजेच प्रत्येक वस्तू स्वस्त होत गेली. समजा, शेतकऱ्यानं गव्हाचा भाव बुशेलला एक डॉलर असताना हजार डॉलरचं कर्ज काढलं. बुशेल म्हणजे सुमारे सत्तावीस किलो. त्याच्या लेखी ते कर्ज हजार बुशेल गव्हाचं झालं. भाव पन्नास सेंटवर आला, तेव्हा कागदावर कर्ज हजार डॉलरच राहिलं, पण शेतात ते दोन हजार बुशेल झालं. त्यानं एक पैसाही जास्त उचलला नाही आणि तरी त्याचं कर्ज दुप्पट झालं. ही घसरण पुढची दोन दशकं चालू राहिली. १८९० च्या दशकाच्या मध्यावर गहू खरोखरच पन्नास सेंटांच्या आसपास आला होता.

सिम्पसन १८७८ मध्ये बायकोमुलांसह कॅन्ससला आला. आधी जॅक्सन काउंटीत, मग पार दक्षिणेला, बार्बर काउंटीत मेडिसिन लॉज या गावाजवळ. या गावाचं नाव इतिहासात आधीच येऊन गेलं आहे. १८६७ मध्ये इथंच कायोवा, कोमांची, शायान आणि अरापाहो या जमातींशी सरकारनं तह केले आणि त्यांना दक्षिणेकडं राखीव मुलखात हलवलं. ज्या जमिनीसाठी पुढं शेतकरी आणि रेल्वे भांडले, ती मुळात या लोकांची होती. कॅन्ससच्या शेतकरी चळवळीची गोष्ट सांगताना हे वाक्य बहुतेक वेळा गळून पडतं. ते गळता कामा नये.

त्या दशकात कॅन्ससला लोकांची रीघ लागली होती. १८८० मध्ये लोकसंख्या दहा लाखांना जराशी कमी, १८९० मध्ये चौदा लाखांच्या वर. रेल्वेकंपन्यांनी जाहिराती करकरून लोक आणले, कारण जमीन विकायला त्यांच्याकडंच होती. रूळ टाकण्याच्या मोबदल्यात सरकारनं एकट्या सँटा फे रेल्वेला कॅन्ससमध्ये सुमारे ३० लाख एकर जमीन दिली होती. ती सलग नव्हे, बुद्धिबळाच्या पटासारखी. रुळाच्या दोन्ही अंगांना एक चौरस मैलाचे चौकोन आखायचे, विषम क्रमांकाचे चौकोन रेल्वेचे, सम क्रमांकाचे सरकारकडं, वसाहतीसाठी. शेतकऱ्यानं शेजारचा सम चौकोन कसला, विहीर खणली, शाळा बांधली, रस्ता काढला, की रेल्वेच्या विषम चौकोनाचा भाव आपोआप वाढायचा. रेल्वेनं त्यात एक कुदळसुद्धा मारलेली नसायची.

हेन्री जॉर्ज यांचा सिद्धान्त नेमका इथं बसतो. १८७९ च्या 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात ते म्हणत होते की जमिनीचं मोल मालकाच्या कष्टानं वाढत नाही, भोवतालच्या समाजाच्या वस्तीनं वाढतं. म्हणून सरकारनं कर बसवायचा तो फक्त त्या वाढीव मोलावर. मेहनतीवर आणि मालावर नको. पुस्तकी पंडिताला हा युक्तिवाद पानापानांतून समजून घ्यावा लागत असेल. मेडिसिन लॉजच्या माणसाला तो कुंपणापलीकडं दिसत होता. सिम्पसन या विचाराचा जन्मभर अनुयायी राहिला. स्वतः शिकणाऱ्या माणसाला योग्य पुस्तक योग्य वेळी हाती लागलं की ते कसं हाडामांसात भिनतं, त्याचं याहून नेमकं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

बार्बर काउंटीत त्यानं गुरं पाळली. जानेवारी १८८६ मध्ये कॅन्ससवर जे हिमवादळ कोसळलं, त्यात पश्चिम भागातले गुरांचे कळपच्या कळप उभ्या जागी गोठून मेले. सिम्पसनचा कळपही गेला. मग पोटासाठी त्यानं मेडिसिन लॉजच्या मार्शलची, म्हणजे गावच्या पोलिसाची नोकरी धरली. राजकारणात तोवर तो रिपब्लिकनांपासून निघून ग्रीनबॅक पक्षाकडं सरकला होता. कागदी नोटा चालू ठेवा, असं म्हणणारा हा छोटा पक्ष. १८८६ मध्ये अपक्ष म्हणून आणि १८८८ मध्ये युनियन लेबर पक्षाकडून तो राज्याच्या विधानसभेसाठी उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला. १८८७ पासून पावसानंही दगा दिला. जमिनीचे फुगलेले भाव बसले, बँका वसुलीला लागल्या. १८८९ मध्ये मका पुष्कळ पिकला, तर भाव इतका पडला की लोक कोळसा विकत घेण्याऐवजी हिवाळ्यात चुलीत मक्याची कणसंच जाळू लागले. १८८९ ते १८९३ या काळात कॅन्ससमध्ये अकरा हजारांवर शेतं गहाणवटीत जप्त झाली, असं इतिहासकार सांगतात.

चमत्कार घडला तो या हलाखीत, आणि तो एका माणसाचा नव्हता. टेक्ससमध्ये १८७० च्या दशकात शेतकऱ्यांची एक संघटना सुरू झाली होती, फार्मर्स अलायन्स. आधी चोरीची गुरं शोधणं, मग एकत्र माल विकणं, असं करत करत ती उत्तरेकडं पसरली. १८९० पर्यंत कॅन्ससमध्ये तिच्या सभासदांची संख्या लाखाच्या घरात गेली. गावोगाव तिच्या शाखा, आणि शाखेची बैठक भरे गावच्या शाळाघरात. कॅन्ससच्या माळावर मैलोगणती घर नाही, पण दर काही मैलांवर एका खोलीची शाळा असायची. दिवसा तिथं पोरं बसत. रात्री कंदील लावून त्याच बाकांवर त्यांचे आईबाप बसत. बायकांनाही पूर्ण सभासदत्व होतं, मताधिकारासकट. आणि हे अशा काळात, जेव्हा राष्ट्रीय निवडणुकीत त्यांना मत नव्हतं.

या बैठकांत काय चाले? भजन-गाणी आणि खाणंपिणं तर असेच. पण मुख्य कार्यक्रम अभ्यासाचा. अलायन्सनं व्याख्यात्यांची उतरंड उभी केली होती, राष्ट्रापासून राज्य, राज्यापासून काउंटी, काउंटीपासून गाव. वरून विषय ठरायचा आणि घोड्यावर बसून तो खाली पोचायचा: चलन म्हणजे काय, नोट कोण छापतो, राष्ट्रीय बँका कशा चालतात, मालवाहतुकीचे दर कोण ठरवतं. टोपीकाहून 'ॲडव्होकेट' निघे, विनफील्डहून 'अमेरिकन नॉनकन्फॉर्मिस्ट'. 'कॅन्सस फार्मर'चे संपादक विल्यम पेफर होते, पोटापर्यंत रुळणाऱ्या दाढीचे. देशभरात अशी हजारभर वर्तमानपत्रं एका जाळ्यात बांधली गेली. अंक एक जण घेई, मोठ्यानं वाचे, बाकीचे ऐकत आणि वाद घालत. विचिटात मेरी लीज नावाची गृहिणी धुणं धुता धुता कायदा शिकली. टिपणं ती टबाच्या वरच्या भिंतीवर टाचून ठेवायची, हात साबणात आणि डोळे कलमांवर. ती वकील झाली आणि पुढं चळवळीची सगळ्यात गाजलेली वक्ती.

पदवी नाही, प्राध्यापक नाही, आणि एक अख्खा मुलूख चलनशास्त्र शिकायला बसला आहे, हे चित्र मला थक्क करतं. कर्जानं त्यांना विद्यार्थी केलं होतं. ज्याच्या घराचा लिलाव व्याजदरावर ठरणार, त्याला व्याजदर समजून घ्यायची जी निकड असते, ती कुठल्याच वर्गात आणता येत नाही. अर्थात, ते शिकले ते सगळं बरोबर नव्हतं. सारा एमरी यांची एक पुस्तिका त्या काळी हातोहात खपली. तिच्यात शेतकऱ्याच्या सगळ्या दैन्यामागं सावकारांची कटकारस्थानं दाखवली होती. १८७३ चा चांदीचा कायदा हा मूठभरांनी रचलेला गुन्हा, ही समजूत घरोघर होती. गुरू नसला की चुकीचं पुस्तकही तितक्याच श्रद्धेनं वाचलं जातं. तरी मुळातला प्रश्न, म्हणजे पैसा आटला की कर्जदार मरतो, त्यांनी अचूक पकडला होता. शहरातले पंडित तेव्हा तो हसण्यावारी नेत होते, आणि आजच्या अर्थशास्त्रात तो पाठ्यपुस्तकात शिकवतात.

१८९० च्या उन्हाळ्यात अलायन्सनं कॅन्ससमध्ये स्वतःचा पक्ष उभा केला, पीपल्स पार्टी. राज्याच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या सातव्या मतदारसंघात, ज्याला लोक 'बिग सेव्हन्थ' म्हणत, उमेदवारी मिळाली अठ्ठेचाळीस वर्षांच्या जेरी सिम्पसनला. समोर रिपब्लिकन उमेदवार होता जेम्स हॅलोवेल: कर्नल, नावाजलेला वकील, टापटिपीच्या कपड्यांत वावरणारा, म्हणून लोक त्याला 'प्रिन्स हॅल' म्हणायचे. सिम्पसन सडपातळ, झुबकेदार मिशीचा, डोळ्यांवर चष्मा. सभांना लोक आपापल्या घोडागाड्या जोडून, पोराबाळांसह, शिदोऱ्या बांधून येत. गाड्यांच्या रांगा मैल मैल लांब लागत. हॅलोवेलच्या बाजूनं असं सांगितलं जाई की हा अडाणी माणूस संसदेत जाऊन काय करणार.

एका सभेत सिम्पसननं ही टीका उचलून आपल्याच पदरात पाडून घेतली. प्रसंगाच्या दोन-तीन आवृत्त्या सांगितल्या जातात, पण गाभा एकच. तो म्हणाला की राजपुत्र रेशमी पायमोजे घालतात, माझ्याकडं तसले नाहीत. सभेला विचिटाच्या 'ईगल' पत्राचा एक तरुण बातमीदार हजर होता, व्हिक्टर मर्डॉक. त्यानं दुसऱ्या दिवशी छापलं की सिम्पसनकडं मोजेच नाहीत. पत्र रिपब्लिकनांचं, हेतू टवाळीचा. पण ज्या मतदारांकडंच धड मोजे नव्हते, त्यांच्यापुढं ही टवाळी उलटली. 'सॉकलेस जेरी', बिनमोज्यांचा जेरी, हे नाव सिम्पसननं झेंड्यासारखं मिरवलं. कुणी त्याला माळावरचा सॉक्रेटिस म्हणू लागलं. नोव्हेंबरात तो मोठ्या फरकानं निवडून आला. कॅन्ससच्या सात जागांपैकी पाच नव्या पक्षानं घेतल्या, विधानसभेच्या खालच्या सभागृहात बहुमत मिळवलं, आणि अठरा वर्षं सिनेटमध्ये बसलेल्या जॉन इंगल्स यांना घरी पाठवून तिथं दाढीवाल्या पेफर यांना बसवलं. सिनेटर तेव्हा लोकांच्या मतानं नाही, विधिमंडळाच्या मतानं निवडले जात. शाळाघरातल्या अभ्यासवर्गांचा हा पहिला निकाल.

वॉशिंग्टनला लोकांना वाटलं होतं, कुणीतरी रानगट येईल. आला तो नीटनेटक्या कपड्यांतला, हजरजबाबी, मोजे घातलेला माणूस. भाषा पश्चिमेची, साधी, पण जकातीचे आकडे तोंडपाठ. स्वपक्षातल्या पुष्कळ जणांपेक्षा त्याचा कल वेगळा होता. चांदीपेक्षा त्याला जमिनीचा प्रश्न मोठा वाटे आणि आयातीवरच्या जकातीला त्याचा कडवा विरोध होता. हेन्री जॉर्जचं पुस्तक इतिवृत्तात घुसवण्याचा उद्योग याच पहिल्या खेपेतला.

१८९३ साली तो दुसऱ्यांदा सदस्य झाला, तेव्हा त्याच्या सभागृहावर मुंबईचा धक्का आदळला. तोवर मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. त्यामुळं हिंदुस्थान हे जगातल्या चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. पण चांदी स्वस्त होत चालली तसा रुपया घसरला, आणि लंडनला दर वर्षी सोन्याच्या पौंडांत पाठवायची रक्कम भरायला हिंदुस्थान सरकारला जास्त जास्त रुपये लागू लागले. २६ जून १८९३ रोजी सरकारनं टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. काही दिवसांत न्यूयॉर्कमध्ये चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोतल्या खाणींना कुलपं लागली. अमेरिकेत आर्थिक घबराट आधीच सुरू झाली होती. ३० जूनला अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी संसदेचं खास अधिवेशन पुकारलं: सरकारनं चांदी विकत घेण्याचा कायदा रद्द करायचा. सिम्पसन आणि त्याचे पक्षसोबती विरोधात उभे राहिले, कारण उरलासुरला पैसाही आता आटणार होता. ऑगस्टच्या अखेरीस प्रतिनिधीगृहानं कायदा रद्द केला, १ नोव्हेंबरला अध्यक्षांची सही झाली. मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीचं दार बंद होतं आणि त्याचा आवाज मेडिसिन लॉजच्या गहाणखतात घुमतो, ही साखळी पहिल्यांदा कळली तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो. त्या दाराची दुसरी बाजूही आहे. रुपया दुर्मिळ झाला म्हणजे रुपयांत सारा भरणाऱ्या इथल्या शेतकऱ्याचा बोजा वाढला, अशी टीका दादाभाई नौरोजींनी केली. महाग पैशाखाली भरडला जाणारा शेतकरी दोन्ही टोकांना होता.

याच चळवळीनं एक योजना पुढं आणली होती, तिची ओळख मराठी शेतकऱ्याला पटकन पटेल. डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात चार्ल्स मॅक्यून यांनी ती मांडली. सुगीच्या वेळी सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो. व्यापारी तेव्हा घेतो आणि वसंतात चढ्या भावानं विकतो. यावर उपाय म्हणून सरकारनं गोदामं बांधावीत, शेतकऱ्यानं माल तिथं ठेवावा, आणि मालाच्या बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम नाममात्र व्याजानं उचलावी. भाव आला की माल विकून कर्ज फेडायचं. त्या काळी या कल्पनेची यथेच्छ चेष्टा झाली. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारनं कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन काढलं, तेव्हा मालाच्या तारणावर कर्ज देण्याचं तेच तत्त्व सरकारी धोरण झालं. आणि आपल्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: बाजार समितीच्या गोदामात तूर किंवा सोयाबीन ठेवा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्या. मॅक्यूनचं नाव लातूरच्या बाजारात कुणी ऐकलेलं नसेल. पण पेच तोच होता, आणि त्यावरची तोडही तीच निघाली.

४ जुलै १८९२ रोजी ओमाहा इथं पक्षाचा जाहीरनामा झाला. त्यात चढता प्राप्तिकर होता, टपाल खात्याच्या बचत बँका होत्या, रेल्वेची सरकारी मालकी होती. सोबतच्या ठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची थेट निवडणूकही मागितली होती. अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मतं पडली. यातल्या टपाल बचत बँका १९११ मध्ये सुरू झाल्या, प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३ मध्ये घटनेत आली. रेल्वे मात्र खासगीच राहिली.

सिम्पसन १८९४ मध्ये हरला. १८९६ मध्ये पुन्हा निवडून आला आणि या तिसऱ्या खेपेत त्यानं एक निराळीच लढाई मांडली. प्रतिनिधीगृहाचे सभापती टॉमस रीड यांच्या हातात इतकी सत्ता एकवटली होती की त्यांना लोक झार म्हणत. कुणी कुठल्या समितीत बसायचं आणि कुठलं विधेयक चर्चेला घ्यायचं, सगळं एका माणसाच्या मर्जीवर. १८९७ च्या खास अधिवेशनात तर रीड यांनी जकातीचं काम उरकेपर्यंत बहुतेक समित्याच नेमल्या नाहीत, म्हणजे दुसरा विषय निघायलाच नको. सिम्पसन वारंवार उठून हरकत घेई: समित्या कुठं आहेत? सभागृहाचं काम का अडवलं आहे? नियमांची वही त्यानं जशी वाचली होती, तशी फार थोड्यांनी वाचली असेल. निकाल त्याच्या बाजूनं कधी लागला नाही. रीड समोरच्याला एका वाक्यात गप्प करण्यासाठी प्रसिद्ध होते. सिम्पसन गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

त्याच्याविषयी सगळेच इतिहासकार माझ्याइतके भारावलेले नाहीत. डेमोक्रॅटांशी हातमिळवणी करून जागा जिंकण्यावर त्याचा भर होता, आणि पक्षातल्या कडव्यांनी त्याला संधिसाधू म्हटलं. कारेल बिका या अभ्यासकानं तर १९६७ मध्ये त्याच्यावर तत्त्वहीन असा शिक्का मारला. मला हा शिक्का पटत नाही. जमिनीवरच्या कराचा आणि खुल्या व्यापाराचा मुद्दा मतदारसंघात फारसा लोकप्रिय नव्हता, तरी त्यानं तो सोडला नाही. युती तो जागेसाठी करत होता हे खरं. पण जागा मिळाल्यावर त्यानं जे केलं, ते इतिवृत्तात छापील आहे आणि कुणालाही वाचता येतं.

१८९८ मध्ये चेस्टर लाँग यांनी त्याला दुसऱ्यांदा हरवलं. मग विचिटात त्यानं 'जेरी सिम्पसन्स बेयोनेट' नावाचं पत्र काढलं, ते थोडा काळ चाललं. त्यानंतर तो न्यू मेक्सिकोत रॉझवेलला गेला, तिथं पुन्हा शेती, पुन्हा गुरं, आणि जोडीला सँटा फे रेल्वेसाठी जमिनीवर वसाहतदार आणण्याचं काम. ज्या रेल्वेच्या चौकोनांविरुद्ध भाषणं केली, तिचंच काम म्हातारपणी पोटासाठी केलं. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याला वडिलोपार्जित काही नाही आणि तीन निवडणुका जिंकूनही ज्यानं पैसा साठवला नाही, अशा माणसाचं म्हातारपण दिसतं. तब्येत खालावल्यावर त्याला विचिटाला आणलं. २३ ऑक्टोबर १९०५ रोजी तो तिथंच वारला.

सिम्पसनला हरवणारे लाँग १९०३ मध्ये सिनेटवर गेले आणि सातव्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली. त्या जागेवर निवडून आला व्हिक्टर मर्डॉक, मोज्यांची बातमी छापणारा तोच बातमीदार, रिपब्लिकन पक्षाकडून. काही वर्षांतच तो स्वतःच्या पक्षाचे सभापती जोसेफ कॅनन यांच्याविरुद्ध उभा राहिला, आणि भांडण तेच होतं: समित्या कोण नेमतो, विधेयकं कोण अडवतो. मार्च १९१० मध्ये नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस यांनी ठराव मांडला. मर्डॉक आणि त्याच्यासारखे बंडखोर रिपब्लिकन डेमोक्रॅटांच्या बरोबर त्या ठरावामागं उभे राहिले, आणि प्रतिनिधीगृहानं सभापतींना नियम समितीतून काढून टाकलं.